मधल्या जागेवर अडलेली कमांड

नऊ वर्षांच्या गॅपनंतर मला पुन्हा कामाची संधी मिळाली. एका महिन्याचं ऑनलाइन ट्रेनिंग, मग परीक्षा. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, सगळं लिनक्ससारखं, माउसऐवजी कमांड टाइप करून चालेल, विंडोज असेल तर तसं सेटअप करून घ्या.

आमच्या ठाकुर्लीच्या घरात लॅपटॉप एकच, नवऱ्याचा. सकाळी कामावर निघताना तो पासवर्ड टाकून द्यायचा. पासवर्ड मला माहीत नव्हता. दहा मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन बंद व्हायची आणि माझा दिवस तिथेच संपायचा. फोन केला तर म्हणायचा, "आल्यावर उघडून देतो ना." म्हणून पोळी लाटताना मी मधूनच येऊन पिठाच्या बोटाने माउस हलवायचे. सासूबाई बघत असायच्या.

कमांडचं सॉफ्टवेअर टाकलं. काळी खिडकी उघडली, पण ट्रेनिंगचा प्रोजेक्ट काही चालेना. फोल्डर सापडत नाही, एवढंच लाल अक्षरांत. तीन दिवस मी तेच वाचत होते. शेवटी मॅडमनी स्क्रीन बघितली. "अगं, युजरच्या नावात स्पेस आहे. कमांड तिथेच तुटते."

ते नाव नवऱ्याचं होतं. नाव, स्पेस, आडनाव. माझी प्रत्येक फाइल त्याच्या नावाखाली जात होती आणि मधल्या जागेवर अडत होती.

जेवताना मी म्हटलं, "लॅपटॉपवरचं नाव बदलायला लागेल."

तो हसला. "माझ्या लॅपटॉपवर माझंच नाव असणार ना? दुसरं काहीतरी कर."

दुसरं एकच करता येत होतं. परीक्षा सोमवारी होती. शुक्रवारी तो गेल्यावर मी सेटिंगमध्ये गेले आणि नवीन अकाउंट उघडायला घेतलं. कुणाच्या कपाटात हात घातलाय असं वाटत होतं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कुणाचं नाव घालतेस?"

"माझं."

"घाल मग. पटकन घाल."

नाव-आडनाव एकाच शब्दात, जोडून लिहिलं. त्याचं अकाउंट सकाळपासून उघडंच होतं, तिथूनच सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं; मग माझ्या नावाने उघडलं, तेव्हा प्रोजेक्ट एका दमात चालला. मी गॅस बंद करून रडले.

संध्याकाळी त्याला स्क्रीनवर दोन नावं दिसली. "विचारायचं तरी," एवढंच म्हणाला.

परीक्षा पास झाले, काम मिळालं. ऑफिसचा लॅपटॉप यायला चार महिने लागले. माझ्या अकाउंटला सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नव्हती, म्हणून तोवर नवीन काही टाकायचं झालं की स्क्रीन त्याचा पासवर्ड मागायची. मी खुर्ची सरकवून उभी राहायचे. तो यायचा, मला तोंड फिरवायला सांगायचा आणि टाइप करायचा. मी खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे मोजत राहायचे.