नवीचा गठ्ठा

कारखान्यात तिला सगळ्या जणी ‘नवी’ म्हणत. येऊन तीन वर्षं झाली, तिच्यानंतर आलेल्या चौघी जुन्याही झाल्या, पण ही आपली नवीच. भीती तर तिच्या पाचवीला पुजलेली. सुपरवायझर नुसता खाकरला तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं.

काम होतं शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कातरण्याचं. लांबलचक टेबलाभोवती बारा बायका, प्रत्येकीच्या पुढ्यात तिच्या नंबराची चिठ्ठी लावलेला गठ्ठा. पहिल्याच आठवड्यात नवीने हात थरथरून तीन शर्टांच्या बाह्या कापून ठेवल्या. आणखी एक कापलास तर घरी बस, असं सुपरवायझरने बजावलं. घरी म्हणजे भाड्याची एक खोली आणि अंथरुणाला खिळलेली आई.

तेव्हा टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईंनी, मोठ्या काकूंनी, तोडगा काढला. हिला वाचता छान येतं, तर हिने कादंबऱ्या वाचून दाखवाव्यात आणि हिचे शर्ट बाकीच्यांनी वाटून घ्यावेत. वाचन चालू असलं की बायका जागच्या उठत नाहीत, हे सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि त्याने तिकडे काणाडोळा केला. तेव्हापासून रोज सकाळी अकरा हात पुढे यायचे, नवीचा गठ्ठा बघता बघता संपायचा, मग ती पुस्तक उघडायची. हे हात ज्या दिवशी आले नाहीत, त्या दिवशी आपलं इथलं अन्नपाणी संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या वर्षी एक कात्री हरवली, तेव्हा पहिली पिशवी उघडली गेली ती नवीची. उघडायला लावणारी शेजारचीच चष्मेवाली. कात्री शर्टांखाली सापडली. सगळ्या जणी ते विसरल्या, नवी सोडून.

आणि आता ही कादंबरी. एक परकी मुलगी अनोळखी गावात येते, कोणी तिला दारात उभं करत नाही, एक पाव भाजणारी तेवढी तिची मैत्रीण होते. टेबलावरच्या बायका त्या गावाला रोज शिव्यांची लाखोली वाहत होत्या. नवी घरी पुढची पानं वाचून ठेवायची. शेवट वाचला आणि तिने पुस्तक झटकन मिटलं. गावात चोरी होते, आळ या मुलीवर येतो, ती धावत मैत्रिणीकडे जाते, आणि मैत्रीण आतून कडी लावते. पुस्तक संपलं.

हे त्या अकरा जणींपुढे कसं वाचायचं? दुसऱ्या दिवशी नवीने पानावरची नजर न हलवता मैत्रिणीला दार उघडायला लावलं, मुलीला घरात घेतलं, वर गावालाही चार शब्द सुनावले. मोठ्या काकूंनी पदराने डोळे टिपले. चष्मेवाली म्हणाली, “पुस्तक दे गं दोन दिवस. माझ्या मुलीला वाचायचंय.”

नाही म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ‘हो’.

दोन दिवस नवीचं ताट तसंच राहिलं. आईने विचारलं तर म्हणाली, पोट बिघडलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवालीने पुस्तक टेबलावर आपटलं. “यात तर ती दार उघडतच नाही. तू काय वाचत होतीस?”

कात्र्या थांबल्या. नवीच्या गठ्ठ्याकडे एकही हात आला नाही.

“मी बदललं,” नवी म्हणाली.

“का गं?” मोठ्या काकूंनी विचारलं.

“भीती वाटली.”

“कसली?”

“तुम्हाला तिने कडी लावलेली पटेल, याची.”

चष्मेवालीने चष्मा काढून उगाचच पुसला. मग नवीच्या गठ्ठ्यातले शर्ट ओढले, नेहमीपेक्षा चार जास्तच. “खरं काय ते वाच,” ती म्हणाली. हळूहळू बाकीचे हातही आले.

नवी वाचू लागली. कडीच्या ओळीवर ती आली आणि शेजारी चर्रकन आवाज झाला. चष्मेवालीची कात्री बाहीत शिरली होती.

सुपरवायझर तरातरा आला. शर्ट उचलला, मग जवळ पडलेली चिठ्ठी. “नंबर नवीचा. मी काय सांगितलं होतं?”

नवीला खोली दिसली, आई दिसली. पाय आपोआप खुर्चीखालून पिशवी ओढू लागले.

“तिच्याकडे काय बघता?” चष्मेवाली उभी राहिली होती. “मी कापलाय. तिने हातसुद्धा लावलेला नाही.”

तो काहीबाही पुटपुटत निघून गेला. चष्मेवाली खाली बसली. कात्री तिने जरा लांब सरकवली.

“वाच पुढे,” ती म्हणाली.

“पुढे काही नाही. संपलं.”

“मग दुसरं काढ,” चष्मेवाली म्हणाली, आणि नवीची पिशवी पायाने परत खुर्चीखाली सरकवली.