नूर आपाच्या घरचा भात

माझी सासू सुखदेई, आमची अम्मा, भल्याभल्यांना गप्प बसवायची, पण शेजारच्या नूर आपासमोर गेली की एका गोष्टीवर तिचीच वाचा बसायची. आमच्या पोर्ट ब्लेअरात जुन्या घरांतले आजे-पणजे बेड्या घालूनच उतरलेले. म्हणून कुणाच्या आज्याने काय केलं, हे इथे कुणी कुणाला विचारत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जपानी आले तेव्हा अम्मा नऊ वर्षांची. शाळेत त्यांची भाषा सक्तीची झाली आणि ही पोर चार महिन्यांत पोपटासारखी बोलायला लागली. तांदूळ फौजेने उचललेला, घरोघरी रताळी नाहीतर साबुकंद. एके दिवशी शाळा तपासायला जपानी साहेब आला. हिला उभं करून विचारलं, "काल काय खाल्लंस?"

रताळं म्हणून मोकळं व्हावं की नाही! पण हिला लांबलचक वाक्य बोलून दाखवायचं होतं. म्हणाली, "काल मी नूर आपाच्या घरी भात खाल्ला."

साहेबाने पाठ थोपटली. संध्याकाळी शिपायांनी नूर आपाच्या गोठ्यात पुरलेलं तांदळाचं पिंप उकरून काढलं आणि तिच्या नवऱ्याला, करीमबक्षला, घेऊन गेले. तो परत आलाच नाही. नूर आपा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

कोण बोललं, हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. अम्माच्या लग्नात मेंदी तिनेच काढली, दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. अम्मा दर ईदेला 'आज सांगतेच' म्हणून जायची आणि नारळाच्या भावावर गप्पा मारून परत यायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय! मी वैतागायचे.

"अम्मा, साठ वर्षं झाली. सांगा तरी, नाहीतर सोडा तरी."

"तू गप गं! तिने दार लावून घेतलं तर मी जाऊ कुणाकडे?"

गेल्या वर्षी नूर आपाने अंथरूण धरलं. अम्मा मला सोबत घेऊन गेली, खाटेपाशी बसली आणि शाळेतलं ते सगळं एका दमात बोलून गेली. शेवटी रडत म्हणाली, "आपा, ती बोलणारी मेली मीच गं."

"ठाऊक आहे, सुखे," नूर आपा म्हणाली. "अख्ख्या वस्तीत भात मी एकट्या तुलाच घातला होता."

"मग मला कधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग तुला परत जेवायला कशी वाढणार होते मी?"

अम्माने तिचा हात धरला. आपाने सोडवून घेतला नाही. मग करीमबक्षचं नाव घेऊन मोठ्याने रडली. इतक्या वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.