वाढत्या अंगाची सायकल

वाटपाच्या सायकलवर बसलेल्या मुलीचा फोटो काढताना तिचे पाय कुठे टेकतात, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

काल शहापुरात एका शाळेच्या पटांगणात वाटपासाठी नव्या सायकली ओळीनं उभ्या होत्या. कोऱ्या रबराचा वास आला आणि मी मनानं थेट डोळखांबजवळच्या आमच्या पाड्यावर पोचले. मी आठवीत होते, वर्गात सगळ्यांत बुटकी. मिळालेल्या सायकलवर बसलं की माझे पाय लोंबकळायचे.

"सर, सीट खाली करा ना."

"शासनाची वस्तू आहे, हात लावायचा नाही. वाढशील की तू! जमत नसेल तर परत दे, दुसरी नेईल."

सगळे हसले. शाळा लांब, सायकल गेली की शाळाही सुटणार. त्याच संध्याकाळी मी उतारावर पडले. गुडघे फुटले, आणि लाज वाटली ती माझ्याच पायांची.

आईनं जखमेत हळद दाबली. "झगा वाढत्या अंगाचा घेतात गो, सायकल नाय!" म्हणत तिनं भातगिरणीतून पाना आणला आणि सीट खाली बसवली. मी बसले, तर माझ्या तळव्यांना अंगणातली गार माती लागली. एवढंसंच काम होतं!

ती लाज आता संताप झाली आहे. कालही एक मुलगी सीटवर तोल सावरत फोटोसाठी हसत होती.

पुढच्या वाटपाला जाताना खिशात पाना न्या. आधी तिचे पाय जमिनीला टेकू द्या, मगच टाळ्या वाजवा.