स्वयंपाकघराच्या रंगाचा स्वर्ग

ऑर्व्हल टॅकेटचा स्वर्ग पिवळा होता, कारण त्याचं स्वयंपाकघर पिवळं होतं. भिंती रंगवून अर्धा डबा उरला, तो त्याने स्वर्गाला लावला. अग्निसरोवराला ट्रॅक्टरचा लाल. मधल्या महासंकटाच्या सात वर्षांना खुराड्याचा करडा. तीन जुन्या चादरी शिवून केलेला हा लांबलचक तक्ता झाडूच्या दांड्याला गुंडाळलेला असे. दर रविवारी संध्याकाळी ऑर्व्हल तो सायकमोर गॅपच्या चर्चच्या तळघरात टांगायचा आणि गळाच्या तुटक्या काठीने भविष्य उलगडून सांगायचा. असं तीस वर्षं चाललं होतं.

"आपण इथे आहोत," काठी टक्. "इथे नाही, बंधुभगिनींनो. इथे. आणि कर्णा कुठे वाजणार? एका बोटावर."

'आपण इथे' दाखवायला तक्त्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. तीस वर्षांत चिमटा वीतभर सरकला होता. बोटभर उरलं होतं, ते काही केल्या संपत नव्हतं. ऑर्व्हल कोंबडीखाद्याच्या दुकानात कामाला होता. तिथे कुणी मक्याचं पोतं उचलायला वेळ लावला की मागून कुणीतरी त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "दम धरा, एका बोटावर आलंय." ऑर्व्हलही हसायचा. थट्टा करणारे शेवटच्या दिवसांत वाढणार, हेही तक्त्यावर होतंच.

पिवळ्या आणि करड्या रंगांच्या सीमेवर त्याने उचलले जाणारे लोक काढले होते, म्हणजे कर्णा वाजताच देव ज्यांना जिवंतपणीच स्वर्गात नेणार आणि बाकीच्यांना महासंकटात मागे ठेवणार, ते. बोटाएवढी माणसं हात वर करून तरंगताहेत आणि खाली जमिनीवर त्यांचे रिकामे जोडे, दोन दोन, नीट शेजारी शेजारी. निळी हॅट घातलेली बाई म्हणजे त्याची बायको नेटा. पांढऱ्या अंबाड्याची म्हणजे सिस्टर ओझेला क्रंप, वय ब्याण्णव, साऱ्या मंडळीत जिच्या तारणाबद्दल कुणालाच शंका नव्हती अशी एकमेव. आणि दुकानाची टोपी घातलेला तो स्वतः.

त्याचा धाकटा भाऊ हॉइट त्यात नव्हता. अकरा वर्षांपूर्वी आईला पुरून आल्यावर याच तळघरात जेवणं चालली होती. तेव्हा ऑर्व्हलने सगळ्यांसमोर काठी लालवर टेकवली आणि म्हणाला, "हॉइट, ही जागा बघून ठेव. बिअर सोडली नाहीस तर तुझी जागा इथे." हॉइटने हॅमची बशी टेबलावर ठेवली, आईच्या रिकाम्या खुर्चीला हात लावला आणि निघून गेला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. दोघांच्या घरांमध्ये अंतर होतं मैलभराचं.

त्या ऑक्टोबरातल्या एका बुधवारची ती दुपार. रविवारी मोठी सभा होती, म्हणून तक्ता ताजा करायला ऑर्व्हल घरच्या, वादळात लपायच्या तळघरात उतरला होता. परसातल्या जमिनीखालची ही खोली, पीचच्या बरण्यांनी भरलेली. ओल्या रंगावर धूळ नको म्हणून त्याने वरचं जाड दार ओढून घेतलं. दोनअडीच तास तो पिवळ्यावर पिवळा चढवत बसला. वर आला तेव्हा साडेतीन झाले होते.

स्वयंपाकघरात इस्त्री फळीवर उभी होती, गरम. शर्टाची एक बाही झालेली, दुसरी चुरगळलेली. शेगडीवर घेवड्याच्या बिया तळाला लागून करपत होत्या. नेटाचा चष्मा टेबलावर, ॲप्रन जमिनीवर.

"नेटा?"

मागच्या दाराशी तिच्या घरातल्या सपाता होत्या. दोन, नीट शेजारी शेजारी.

ऑर्व्हलने शेगडी बंद केली, इस्त्रीची पिन काढली. भिंती पिवळ्या होत्या, चारी बाजूंनी, नुकत्याच हाताला लागलेल्या रंगाइतक्याच पिवळ्या, आणि त्या पिवळ्यात तो एकटा उभा होता.

फोनशेजारी प्रार्थनासाखळीची यादी चिकटवलेली होती. कुणी आजारी पडलं की पहिलीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला, अशी अकरा घरं. त्याने पहिला नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. मग दुसरा. पाळकांकडेही घंटाच वाजली. यादी संपली तेव्हा त्याला कळलं की सगळे गेले आहेत. चांगली होती ती सगळी.

त्याने ट्रक काढला. रस्त्यात दोन घरांची दारं सताड उघडी, एका अंगणात अर्ध्या ओल्या चादरी. सिस्टर ओझेलाच्या घरी पलंग रिकामा होता, पांघरूण बाजूला सारलेलं, आणि उशाशी पेल्यात तिचे दात. नव्या शरीराला जुने दात कशाला लागतील, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. दातांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बाहेर आला.

आता एकच माणूस उरला असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाऊ खुर्चीत बसलेला असेल, म्हणेल, "काय रे, तूही?" एवढं ऐकायला मिळालं तरी पुरे, असं वाटून ऑर्व्हलने ट्रक हॉइटच्या वाटेला वळवला.

ओसरीवर हॉइटची खुर्ची होती. शेजारी उघडा बिअरचा डबा, अर्धा भरलेला, बाहेरून अजून घामेजलेला. हॉइट नव्हता. त्याची तीन शिकारी कुत्री नव्हती. कुत्रीसुद्धा नेली होती.

ऑर्व्हल खुर्चीत बसला. मागे राहिलेल्यांनी काय करायचं, हे तो तीस वर्षं सांगत आला होता. सैतानी श्वापदाची खूण अंगावर घेऊ नका, डोंगरात पळा, टिकून राहा. त्यातलं एकही त्याला आठवलं नाही. आठवत होती ती हॅमची बशी, आणि ती टेबलावर ठेवताना हॉइटने किती जपून ठेवली होती, आवाजसुद्धा न करता.

सूर्य टेकडीला टेकला तेव्हा कुत्री भुंकली. वाटेवरून काठी टेकत कुणीतरी येत होतं.

"माझ्या खुर्चीत कोण मेलंय?"

ऑर्व्हल उठला नाही. "तू नव्हतास," तो म्हणाला.

"अकरा वर्षांत आज आलास, आणि मी नेमका आज नव्हतो. काय करणार." हॉइट पायरीवर बसला, बूट ओढून काढू लागला. "सगळा गाव ओझेला आजीला शोधत होता. तुझ्या नेटाला पाळकांनी गाडीत घातलं. बिचारी तुला हाका मारून थकली, मग म्हणाली गेला असेल दुकानात. माझ्याकडे आले कुत्र्यांसाठी. एरवी मला कोण विचारतंय."

"सापडली?"

"जुन्या मक्याच्या शेतात. नाइटगाऊनवर, हात वर करून उभी. म्हटलं, सिस्टर, हरवलात काय? तर म्हणते," हॉइटने गाल आत ओढून बिनदाती तोंड केलं, "'हरवले नाही रे मेल्या, उभी आहे. ऑर्व्हलने सांगितलंय, शेतात दोघं असतील, त्यातलं एक नेलं जाईल. घरात पडून राहिलेल्या बाईला कोण नेणार?'"

ऑर्व्हलने डोळे मिटले.

"म्हटलं, मग दुसरं कोण? तर म्हणाली, 'तू आलास ना आता.'"

"मग?"

"मग काय. थोडा वेळ उभे राहिलो दोघं. कुणी कुणाला नेलं नाही. गार वारा सुटला, मग तिला माझा कोट घातला." हॉइटने डबा उचलला, हलवून बघितला, आणि एकदम थांबला. "थांब जरा. तू इथे का आलास? तुला वाटलं..." तो हसायला लागला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मला नेलं आणि तुला ठेवलं?"

कुत्री ऑर्व्हलचे बूट हुंगत होती.

"फार वाईट वाटलं असेल."

"वाईट नाही वाटलं," ऑर्व्हल म्हणाला. "खरं वाटलं."

हॉइटने डबा खाली ठेवला.

रविवारच्या सभेत ऑर्व्हलने तक्ता टांगला, पण चिमटा लावला नाही. "ब्रदर टॅकेट, आपण कुठे आहोत?" कुणीतरी विचारलं. "शोधतोय," तो म्हणाला. लोकांना वाटलं, काहीतरी गूढ सांगितलं. दर बुधवारी साडेतीनला मात्र तो पिवळ्या भिंतीला पाठ लावून हॉइटचा नंबर फिरवायचा. पलीकडून आवाज यायचा, "आहे, आहे." तो फोन ठेवायचा. नेटा म्हणायची, "मेला चार शब्द तरी बोल." पण प्रत्येक वेळी ती पहिली घंटा आणि ते 'आहे' यांच्यामध्ये जे काही असायचं, त्यात ऑर्व्हलचा चेहरा कसा होतो हे तिने पाहिलं होतं. नंतर ती त्या वेळी मुद्दाम त्याच्यासमोरच बसून राहू लागली.

सिस्टर ओझेला जानेवारीत गेली, आपल्या पलंगावर, झोपेत. जेवणं तळघरात होती. हॉइट धुतलेला शर्ट घालून आला आणि हॅमची बशी घेऊन थेट तक्त्यापाशी गेला. तरंगणाऱ्या माणसांत निळी हॅट होती, पांढरा अंबाडा होता. टोपीवाला नव्हता. तिथे नुसता पिवळा रंग, आजूबाजूपेक्षा जरा दाट. टोपीवाला खाली होता, रिकाम्या जोड्यांच्या रांगेत, एका ओसरीवर, खुर्चीत बसलेला.

हॉइटने वाकून पाहिलं. लालकडे त्याने नजरही टाकली नाही.

"खुर्ची माझी आहे ही," तो म्हणाला.

"हो."

"मग मी कुठाय?"

ऑर्व्हलने तक्त्याकडे पाहिलं, पिवळ्याकडे, करड्याकडे. काठी त्याच्या हातात होती, ती त्याने कुठेच टेकवली नाही.

"बुधवारी विचारतो," तो म्हणाला.