संकष्टीचे नूडल्स

निहारला झोप लागते असं म्हणता येत नाही. मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या खुर्च्या कुणाला झोप लागू नये याच बेताने बनवल्या आहेत. मागे टेकलं की खुर्ची माणसाला पुढे ढकलते. पण दुपार कलते आहे, आत त्याच्या आईच्या हृदयाची झडप बदलणं चालू आहे, आणि दारावरच्या लाल दिव्याकडे बघून बघून आता त्या दिव्यालाच घड्या पडायला लागल्या आहेत. दिवा फुगतो. कागदाचा होतो. त्याला खालून गोंडा फुटतो.

दार ढकलून वेटर बाहेर येतो. "किती जण?"

"मी आईची वाट बघतोय."

"तुमचे मामा पण तिचीच वाट बघतायत. या."

हेमंतमामा गेल्या वर्षी गेला. तरी तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला आहे, ज्या शर्टात त्याला नेलं होतं त्याच शर्टात, वरचं बटण उघडं टाकून. हॉटेलचं नाव 'ड्रॅगन आणि मंडळी'. मामा पंपाच्या मोटारी वाइंड करायचा. जन्मभर तांब्याची तार गुंडाळलेल्या माणसाला नूडल्स बघून घरी आल्यासारखं वाटायचं. लग्न केलं नाही. जेवायला रोज बहिणीकडे. अक्काचं पान मांडल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही.

टेबलावर दोन बाऊल आहेत.

"ये भाच्या. अक्का कुठाय?"

"मामा, हा दुसरा बाऊल कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तिचाच की."

गेलेल्या माणसाने स्वप्नात जित्या माणसाचं पान मांडलं तर काय होतं, हे मिरजेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाऊल असला म्हणून काय झालं, ते पानच.

"आई येणार नाही."

"निघालीय ती." मामा हनुवटीने मागे दाखवतो. स्वयंपाकघराच्या गोल खिडकीतून वाफ दिसते. हिरव्या टोप्या घातलेले आचारी कशावर तरी वाकले आहेत. एक जण न बघता हात पुढे करतो आणि कात्री मागतो.

निहार घाईघाईने म्हणतो, "तिला आज चालणारच नाही. संकष्टी आहे."

हे खरं आहे. रात्रीपासून पोटात काही जाऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली होती, बरं झालं, नाहीतरी उपासच आहे.

मामा गालात हसतो. "रताळ्याचे नूडल्स आहेत. कोरियात करतात. मलाही इकडं आल्यावरच कळलं."

"आणि सॉस?"

"आमसुलाचा."

"मीठ?"

"सैंधव. वर दाण्याचा कूट, ओलं खोबरं. बोल अजून."

मेलेल्या माणसाकडे वेळ भरपूर असतो. त्याने सगळा विचार करून ठेवला आहे. तेवढ्यात मागे दार वाजतं. आई उभी आहे. अनवाणी, हिरव्या गाऊनमध्ये, वेणी पुढे घेतलेली.

"किती जण?" वेटर विचारतो.

"एकच," आई म्हणते.

निहार बाऊलमध्ये डोकं घालतो. नूडल्सच्या गुंत्यात काहीतरी हिरवं दिसतं.

"कोथिंबीर! उपासाला कोथिंबीर चालत नाही."

"चालते की! आमच्या घरात खिचडीवर अख्खी जुडी पडायची. अक्का त्यावरच वाढलीय."

"ते तिचं माहेर झालं. पप्पांकडे चालत नाही. आई तिकडचं पाळते."

"काहीतरीच बोलू नकोस. प्रत्येक संकष्टीला मी माझ्या हातची खिचडी घेऊन येत होतो. कोथिंबीर घालून. खात होती ती."

"निवडून खायची, मामा. तू घरी परत गेल्यावर."

टेबल आता मामाच्या दुकानात आहे. वरून तारेची वेटोळी लोंबतात, वार्निशचा वास येतो.

"मला कधी म्हणाली नाही."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"बरं," मामा म्हणतो आणि काड्या उचलतो. "मग मीच निवडून देतो."

मोटारीच्या खाचेतून केसाएवढी तार ओढणारे हात ते. एकेक पान तो बाऊलच्या काठावर लावत जातो. आई पुढच्या टेबलापाशी आली आहे. मग त्याच्याही पुढच्या. तिच्या चालण्याचा आवाज येत नाही.

निहार वेटरला खूण करतो. "कोथिंबीर. भरपूर."

वेटर मूठभर भुरभुरतो. मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. निहार पुन्हा हात वर करतो. वेटर या वेळी विळी घेऊन येतो आणि टेबलाशेजारी फतकल मारून जुडीच चिरायला बसतो.

मामा काड्या खाली ठेवतो. "भाच्या, मी काय खुळा हाय?"

"नाही मामा."

"तिला येऊ द्यायचं नाही तुला."

"नाही."

"मग सरळ सांगायचं की."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं." तो बाऊलकडे बघतो. "एकट्यानं जेवण जात नाही रे. गेल्यापासून घास नाही पोटात."

आईचा हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर येतो. खुर्ची फरशीवर करकरते.

निहार पटकन म्हणतो, "मी बसतो समोर. खाणार काही नाही. पण तुझं होईपर्यंत उठणार नाही."

मामा त्याला नीट न्याहाळतो. मग मान वळवतो. "अक्का, इथं सगळ्यात कोथिंबीर आहे. तू घरी जा. चंद्र बघून उपास सोड."

"तू जेवलास का?" आई विचारते.

"हे काय, बसलोच जेवायला."

ती क्षणभर उभी राहते. मग वळते आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत वाफेत जाते.

मामा तिचा बाऊल स्वतःपुढे ओढतो, कोथिंबिरीसकट. पहिलाच नूडल तो इतक्या जोरात सुर्रकन ओढतो की त्याचं शेपूट हवेत फिरतं आणि निहारच्या छातीवर फटकन बसतं.

"हळू की मामा!"

"गप. भूक लागलीय."

"शालन कुलथे यांच्यासोबत कोण आहे?"

निहार ताडकन उभा राहतो. लाल दिवा विझलेला आहे. समोर सिस्टर आहेत, मास्क गळ्यात ओढलेला.

"मध्ये जरा ओढाताण झाली, ते डॉक्टर सांगतील. आता ठीक आहेत. शुद्धीवर येतायत." मग त्यांची नजर त्याच्या छातीवर जाते. "कँटीनमध्ये होता का? शर्ट बदला, असं आत नाही सोडणार."

निहार सकाळपासून खुर्चीतून उठलेला नाही. तो खाली बघतो. खिशापासून खांद्यापर्यंत एक लांब, लालसर, वळलेला डाग आहे. तो त्यावर तळहात ठेवतो.

डाग अजून गरम आहे.