दिआराच्या घरची बरकत

पूल अर्धा ओलांडून झाला आणि सितान पुन्हा कठड्याला टेकली. खाली नायजर नदी संथ वाहत होती.

"थांब गं जरा. दम मागेच राहिला."

"येईल मागून," शेजारीण कोरो त्राओरे म्हणाली. "बामाकोत सगळे उशिराच पोचतात."

दोघी मोठ्या दवाखान्यातून घरी चालल्या होत्या. सितान बाजारात सुकी मासळी विकायची. लग्नात ती काटकीसारखी होती. दोन वर्षांत तिचा चेहरा ताटाएवढा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र वाळत गेले. वाळलेले हातपाय बघायला कुणाला सवड होती? साऱ्या मोहल्ल्याने तिच्या नवऱ्याचं, झान दिआराचं, अभिनंदन केलं. झानही असा मिरवायचा, की जणू ते गाल त्याने स्वतःच्या हाताने थापले होते. रक्तदाब चढून तिचं डोकं फुटायला आलं, तेव्हा म्हणाला, "सुखाची डोकेदुखी आहे. भाग्यवंतांनाच होते."

आज डॉक्टरीणबाईंनी सुखाचा पत्ता सांगितला. मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीत गाठ होती आणि ती कॉर्टिसोल नावाचा रस बेसुमार ओतत होती. देवाने मूत्रपिंडात एक विकर राखणदार म्हणून बसवलंय. हा रस आला की ते त्याला निष्प्रभ करतं. पण एकटा राखणदार लोंढ्यापुढे काय करणार? उरलेला रस आत शिरून मीठ अडवून धरतो आणि दाब चढतो. गाठ काढली तर सितान वाचेल. राहिली तर हृदय किंवा मेंदू दगा देईल.

"पण चेहरा उतरेल म्हणाल्या," सितान पुटपुटली. "झान काय म्हणतो ठाऊक आहे ना? बायको वाळली, की लोक म्हणतील दिआराच्या घरी चूल पेटत नाही. तो होकार देणार नाही."

"खरंच की. बायको गेली तरी चालेल, अब्रू गुटगुटीत हवी."

सितान हसली, मग तिने कोरोचा हात घट्ट धरला.

"कोरो, तू त्राओरे."

"अल्लाची कृपा. तुझ्या नवऱ्यासारखी चवळीखाऊ दिआरा नाही."

त्राओरेने दिआराला भर चौकात चवळीखाऊ म्हणून चिडवावं, काहीही बोलावं, दिआराने हसून घ्यावं आणि त्राओरेने हट्टाने मागितलेलं नाकारू नये, हा दोन्ही कुळांमधला बापजाद्यांचा करार. तो मोडायची छाती अजून कुणाला झाली नव्हती.

"उद्या पलीकडच्या घरी बारशाला सगळे जमतील," सितान म्हणाली. "मी बोलले तर ती बायकोची कटकट. तू बोल. चारचौघांत म्हण, अरे चवळीखाऊ, हे गाल तुझी बरकत नव्हे, हा आजार आहे. आणि कोंबडीची तंगडी मागतेस ना त्याच्याकडे, तसं माझं ऑपरेशन माग."