रुमालाखालचा सौदा

छत्री, चष्मा, कवळी. आमच्या केंद्रात रोज कोणी ना कोणी काहीतरी विसरून जातं आणि दुसऱ्या दिवशी घरचं माणूस येऊन ते घेऊन जातं. किस्से मात्र न्यायला कोणी येत नाही. ज्याचा किस्सा असतो तो संध्याकाळपर्यंत विसरलेला असतो. मग ते माझ्याकडेच साठत जातात. आता जागा उरली नाही म्हणून थोडे तुम्हाला देते.

बऱ्हाणपूरला इतवारा भागात, एका कापड दुकानाच्या वर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. डिमेन्शिया झालेली म्हातारी माणसं दिवसभर इथे असतात, तेवढाच घरच्यांना श्वास मिळतो. संस्था शरदभाऊ चालवतो. मी बँकेतून रिटायर झाले, आणि घरी बसून सुनेला त्रास नको म्हणून इथे येते. सुनेचं मत वेगळं असू शकेल, विचारलेलं नाही.

पहिल्याच दिवशी शरदभाऊनं नियम सांगितला. "मंदाताई, यांना कधीच 'नाही' म्हणायचं नाही. ते ज्या दुनियेत असतील तिथे आपण जायचं. बस, इतनाही."

नियम चांगला आहे. तिकडे गेल्यावर परत कसं यायचं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

* * *

एकनाथकाका म्हणजे खकनारकडचे बैलांचे दलाल. सगळा जन्म बैलबाजारात गेला. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा. बाहेर उभ्या असलेल्या कोणाला काही कळत नाही, आणि विचारायचंही नसतं.

एक दिवस काकांनी माझ्या हातावर रुमाल टाकला. "घेता का जोडी?"

नियम आठवला. म्हटलं, "घेते की." त्यांनी माझी बोटं दाबली, मीही त्यांची दाबली. मला वाटलं, बोटांचा व्यायाम होतोय.

"झालं," काका म्हणाले. "घेऊन जा."

झालं म्हणजे झालंच. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, तो मला आजही रोज विचारतो, "मंदाताई, बैल काय करू राहिले? पाणी पाजलं का त्यायले?" मी सांगते, मजेत आहेत. मध्ये एकदा मी चार दिवस आजारी होते. काका शरदभाऊला म्हणाले, "बाई गेली माहेरी, अन् मुके जनावर उपाशी." त्यांची समजूत पटावी म्हणून शरदभाऊला मला फोन करून बैलांची तब्येत विचारावी लागली.

* * *

आमच्याकडच्या दुसऱ्या मोठ्या हस्ती म्हणजे प्रमिलाबाई, रिटायर्ड हेडमास्तरीण. त्यांच्या मते हे केंद्र म्हणजे त्यांची शाळा, मी शिपाई आणि शरदभाऊ पाचवीतला ढ मुलगा.

एकदा एक मोठे शेठ संस्थेला पंखे देणार म्हणून बघायला आले. प्रमिलाबाईंनी त्यांना दारातच अडवलं. "हात पुढे."

शेठनी हात पुढे केले.

"ही नखं? घरात आई नाही का?"

शेठ मुकाट्यानं खाली गेले. आम्हाला वाटलं, पंखे गेले. थोड्या वेळानं ते नखं कापून परत आले आणि दारात उभं राहून म्हणाले, "बाई, आत येऊ का?"

पंखे मिळाले. वर एक कूलरही मिळाला. बाईंनी मात्र शेठना पुढे बसवलं नाही.

* * *

शनिवारी घरच्या माणसांची बैठक असते. सांभाळणाऱ्यांनीही कुठे तरी बोलावं, रडावं, म्हणून. एकनाथकाकांच्या सुशीलाकाकू तिथे येतात, पण रडत नाहीत. त्या म्हणतात, रडायला घरी टाइम असतो.

एकदा काकू किराणा घेऊन घरी गेल्या तर काकांनी दार अडवलं. "बाई, घरात मंडळी नाही. नंतर या."

काकूंनी केंद्राचा नियम पाळला. "बसते ओट्यावर," म्हणाल्या. काकांनी पाहुणीला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसले.

"आमच्या मंडळीचा स्वभाव लई तापट," काका सांगायला लागले. "पण खरं सांगू? तिच्यासारखी भाकर पंचक्रोशीत कोणी करत नाही. अन् तिच्यावाचून मले करमत नाही."

बैठकीत हे सांगताना काकू हसत होत्या. "सगळा संसार झाला, तोंडावर एक शब्द कधी बोलला नाही माणूस. परकी झाली तेव्हा ऐकाले मिळालं."

त्या दिवशी बाकी सगळे रडले. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

* * *

आता शेवटचा.

काकूंच्या एकुलत्या एका भावाच्या मुलीचं लग्न होतं, रावेरला. या भाचीला काकूंनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. जायचंच होतं. पण हल्ली काका त्यांना नजरेआड होऊ देत नाहीत. केंद्रातही काकू रोज त्यांच्याबरोबर बसून असतात, उठल्या की काका दाराशी. लग्नात न्यावं तर बँडच्या आवाजानं ते बिथरतात. मागच्या वेळी दुसऱ्याच वरातीबरोबर पार निघून गेले होते.

आम्ही तालीम करून पाहिली. काकू म्हणाल्या, भाजी आणते. काका पिशवी घेऊन तयार. प्रमिलाबाईंनी तर हुकूमच दिला, "सुशीला, रजा मंजूर." काका म्हणाले, "मग माझी बी करा."

लग्नाच्या सकाळी भावाची गाडी खाली येऊन उभी राहिली. काकूंनी ठेवणीतली साडी नेसलेली, आणि काकांनी त्यांचं मनगट घट्ट धरलेलं. आम्ही मावा जिलबी पुढे केली. काकांनी दुसऱ्या हातानं खाल्ली, पहिला सोडला नाही.

शरदभाऊ हळूच म्हणाला, "काकू, बाथरूमला जाते सांगा आणि मागच्या जिन्यानं निघा."

"चोरावानी नाही जाणार," काकू म्हणाल्या. "सांगून जाईन, नाही तर जाणार नाही."

खाली हॉर्न वाजला. काकूंचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, संपलं, आता या साडी बदलणार.

तेवढ्यात त्यांनी काकांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

काका एकदम ताठ बसले. चेहरा पक्का बाजारातला. रुमाल थोडा हलला. काकांनी मान हलवली, जमणार नाही. काकूंनी परत दाबलं. काका विचारात पडले, मग त्यांनी दाबलं. आता काकूंनी मान हलवली. हॉर्न वाजतोय, शरदभाऊ घाम पुसतोय, आणि या दोघांना घाई नाही.

शेवटी काकांनी रुमाल झटकला. "झालं. बाईले जाऊ द्या."

काकू गेल्या. काका दिवसभर खुर्चीत शांत बसून होते. शरदभाऊनं विचारलं, "काका, काय ठरलं?"

"नवा दिसतो तू बाजारात," काका म्हणाले.

दिवेलागणीला काकू बुंदीचा डबा घेऊन जिना चढल्या. काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली की नाही, देव जाणे. पण त्यांनी स्वतःच रुमाल काढला आणि हात पुढे केला. काकूंनी आपला हात आत घातला. आत काय झालं कोण जाणे, सत्तरीच्या काकू अशा लाजल्या की त्यांनी पदर तोंडावर ओढला.

"व्यवहार पुरा," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मला राहवेना. जिन्यात काकूंना गाठलं. "काकू, खरं सांगा, काय ठरलं होतं?"

काकूंनी मागे वळून पाहिलं.

"मंदाताई," त्या म्हणाल्या, "तुमचे बैल कसे आहेत?"